टाचणवही एकट्याची नसावी

खानदेशातील कोणत्याही जुन्या शाळेच्या आवारात प्रवेश केला की प्रथम दृष्टीस पडते ती दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी. त्या पाटीवर आपल्या समाजातील आडनावे हमखास आढळतात. कोणी वर्गखोली बांधून दिलेली असते, कोणी मातापित्यांच्या स्मरणार्थ पाण्याची टाकी, कोणी प्रयोगशाळेची कपाटे, तर अलीकडे कोणी संगणक आणि भिंतीवरचा मोठा पडदा. व्यापारात मिळालेल्यातील काही अंश विद्यादानाकडे वळवावा ही आपली परंपरा जुनी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. मात्र त्या खोलीत उभे राहून जो शिकवतो त्याच्या तयारीसाठी कोणी काही दिले, असा उल्लेख असलेली पाटी माझ्या पाहण्यात अद्याप आलेली नाही.

नरडाणा स्थानकातून भुसावळच्या दिशेने निघालेली गाडी बेटावद मागे टाकून अमळनेरला पोहोचते. तेथील प्रताप हायस्कूलच्या नावात श्रीमंत प्रतापशेठ यांचे दातृत्व कायमचे कोरले गेले आहे. तरीही त्या शाळेचा विषय निघाला की महाराष्ट्राला प्रथम आठवतात ते साने गुरुजी. १९२४ ते १९३० अशी अवघी सहा वर्षे ते तेथे शिक्षक होते. शेठजींनी शाळा उभी केली नसती तर गुरुजींना वर्ग मिळाला नसता, हे खरेच. पण शाळेची कीर्ती अखेर वर्गात काय घडते यावर उभी राहते आणि वर्गात काय घडावे हे ठरवणारा माणूस आज कोणत्या मनःस्थितीत फळ्यासमोर जातो, हा प्रश्न आपण देणगीदार मंडळी फारसा विचारत नाही.

शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे बाजारपेठेचे गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक, जवळून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग, औद्योगिक वसाहत आणि आता धुळ्याकडे जोडणारा नवा लोहमार्ग, यांमुळे गावाचे व्यापारी महत्त्व वाढतच जाणार आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची मुले धुळे, नाशिक, पुणे येथे शिकावयास गेली. दुकानातील नोकर, हमाल, मालवाहू गाडीचे चालक आणि माल घेऊन येणारे शेतकरी यांची मुले मात्र गावातील वा आसपासच्या शाळांतच आहेत. उद्या आपल्या पेढीवर हिशेब लिहिणारा, गोदामाची जबाबदारी सांभाळणारा, औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभा राहणारा तरुण याच शाळांतून घडावयाचा आहे. केवळ व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी या शाळांतील अध्यापन हा आपल्या पेढ्यांच्या भवितव्याचा विषय आहे. धर्मदृष्टीने तर आहेच.

अशा गावांतील शाळेची एक अडचण शहरातील पालकांच्या लक्षात येत नाही. पटसंख्या बेताची, तुकड्या थोड्या, म्हणून एका विषयाला बहुधा एकच शिक्षक. गणिताच्या शिक्षकाला गणिताविषयी बोलावयास शाळेत दुसरा कोणी नसतो. प्राथमिक शाळेत तर दोन-दोन इयत्ता एका शिक्षकाकडे असतात. त्यात भाषेचा प्रश्न निराळाच. मूल घरी ‘मना’, ‘तुना’, ‘शे’ असे अहिराणी बोलते आणि पाठ्यपुस्तकात ‘माझा’, ‘तुझा’, ‘आहे’ असे वाचते. परजिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकाला वर्गातील शांतता म्हणजे अज्ञान वाटते; पुष्कळदा ती केवळ शब्द न कळल्याची शांतता असते. हे त्याला सांगणार कोण? शेजारच्या वर्गातील सहकारी सांगू शकेल, पण दोघांची वेळापत्रके अशी असतात की मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात घेण्यापलीकडे गाठ पडत नाही.

शिक्षकाच्या तयारीचा लेखी पुरावा म्हणजे टाचणवही. उद्या कोणता घटक शिकवणार, उद्दिष्ट काय, साहित्य कोणते, प्रश्न कोणते, हे सारे तीत लिहावयाचे आणि मुख्याध्यापकांची स्वाक्षरी घ्यावयाची. मूळ कल्पना उत्तम आहे. परंतु जी वही फक्त स्वाक्षरीसाठी लिहिली जाते तिचे काय होते हे आपण व्यापारी लोक चांगले जाणतो. करखात्याला दाखविण्यासाठी ठेवलेली वही आणि धंदा चालविण्यासाठी ठेवलेली वही यांत अंतर पडू लागले की दोन्ही निरुपयोगी होतात. हल्ली तयार टाचणे भ्रमणध्वनीवर एकमेकांना पाठविली जातात. ती उतरवून काढली की कागद पूर्ण होतो आणि शिक्षक पूर्वीइतकाच एकटा राहतो.

बँकेच्या सेवेत माझी हयात गेली, म्हणून तेथील एक पद्धत सांगतो. शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या ताब्यात असतात. सकाळी दोघांनी मिळून तिजोरी उघडावयाची, सायंकाळी दोघांनी मिळून रोकड मोजून बंद करावयाची. सामान्य ग्राहकाला वाटते की ही चोरीविरुद्धची तरतूद आहे. तशी ती आहेच. पण नव्याने रुजू झालेल्या तरुण अधिकाऱ्याला तिचा खरा आधार वेगळा असतो. रकमेत तफावत आली तर तिचा शोध दोघांनी घ्यावयाचा असतो. रात्रभर एकट्याने स्वतःला दोष देत बसावे लागत नाही. मोठ्या कर्जाच्या मंजुरीतही तेच. प्रस्ताव चार जणांनी तपासलेला असतो, म्हणून तो पुढे फसला तर प्रथम प्रस्तावाची चिकित्सा होते. शिक्षकाला मात्र पहिल्याच दिवशी चाळीस-पन्नास मुलांची तिजोरी एका किल्लीने उघडावयास सांगितले जाते. पाठ फसला की तो म्हणतो, ‘मला शिकविता येत नाही.’ प्रत्यक्षात फसलेली असते ती त्या दिवसाची योजना. पण योजना आणि योजना करणारा यांत फरक करावयास दुसरे कोणी शेजारी नसते.

या मनःस्थितीचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाची संकल्पना मांडली. सर्वसाधारण आत्मविश्वासाहून ती निराळी आहे. गावच्या सभेत निःसंकोच भाषण करणारा शिक्षकही अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना मनातून चाचरत असू शकतो. कारण हा विश्वास विशिष्ट कामापुरता असतो. तो चार वाटांनी येतो, असे बांडुरा म्हणतात. पहिली आणि सर्वांत बळकट वाट म्हणजे ते काम स्वतः यशस्वीपणे केल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे. तिसरी, ज्याच्या मताला आपण किंमत देतो त्याने दिलेला भरवसा. आणि चौथी, त्या वेळची आपली शारीरिक व मानसिक स्थिती. धडधडत्या छातीने वर्गात शिरणारा आपल्या धडधडीवरूनच स्वतःविषयी अनुमान काढतो.

आता एकट्या शिक्षकाचा विचार करा. दुसरी वाट त्याला बंद आहे, कारण सहकाऱ्याचा तास तो कधी पाहत नाही. तिसरी जवळजवळ बंद आहे, कारण त्याचा तास पाहावयास कोणी आलेच तर तपासणीसाठी येते. लेखापरीक्षक शाखेत आल्यावर आम्हा अधिकाऱ्यांची जी अवस्था होत असे ती आठवली की त्या तासाला शिक्षकाचे हात का थंड पडतात हे मला समजते. उरते पहिली वाट, स्वतःच्या यशाची. पण तेथेही घोळ आहे. पाठ चांगला झाला तर तो का झाला हे एकट्याला नीट सांगता येत नाही. आज मुले खुशीत होती, असे म्हणून तो पुढे जातो. ज्या यशाचे कारण कळले नाही ते यश खात्यात जमा होत नाही.

शिक्षकांनी पाठाची आखणी एकत्र बसून करावी या सूचनेमागे एवढे कारण आहे. ती नुसती कामाची वाटणी नव्हे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

आमच्या परिसरातील एका माध्यमिक शाळेच्या समितीत एक दाते दुसरा डिजिटल फलक देण्यास उत्सुक होते. गणित-विज्ञान शिकविणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने संकोचतच म्हटले, ‘‘शेठजी, फलक एक आहे तो पुरतो. त्याऐवजी आठवड्यातून एक तास आम्हा तिघांना एकत्र मोकळा मिळाला तर फार उपकार होतील.’’ शेठजी मोकळ्या मनाचे. ते हसून म्हणाले, ‘‘अहो मॅडम, तासावर पाटी कुठे लावायची?’’ सगळे हसले. पण तास मिळाला. शनिवारी तिघांचे वर्ग त्या वेळी इतरांनी सांभाळावे असे ठरले.

पुढे त्या बैठकांपैकी एकीला मला आवर्जून बोलावण्यात आले, कारण विषय शेकडेवारीचा होता आणि बँकेच्या माणसाला त्यात काही सांगता येईल असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात मीच शिकून आलो. प्रश्न साधा होता. व्यापाऱ्याने खरेदी किमतीवर शेकडा २५ वाढवून छापील किंमत ठरवली आणि गिऱ्हाइकाला छापील किमतीवर शेकडा २० सूट दिली, तर नफा किती? पुस्तकी रीतीने शिकवावयाचे तर सूत्र फळ्यावर लिहून दोन उदाहरणे सोडवून दाखवली की घटक संपला. त्या तिघांनी मात्र पहिला अर्धा तास एकाच गोष्टीवर घालवला: मुले काय उत्तर देतील? ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, ‘‘निम्मा वर्ग शेकडा ५ नफा म्हणेल. पंचवीसमधून वीस गेले, पाच उरले.’’ मग ते तसे का म्हणतील? शिक्षिकेचे मत पडले की मुले शेकड्याला रुपया समजतात. पंचवीस हा आकडा कशाच्या शंभरावर आहे, हे ती विचारतच नाहीत. तिसरे शिक्षक गावचेच. ते म्हणाले, ‘‘पोरांना दुकानातली चिठ्ठी दाखवू या. सूत्र नंतर.’’ अखेर असे ठरले की चारशे रुपयांची एक वस्तू घ्यावयाची, तिच्यावर पाचशेची चिठ्ठी लावावयाची आणि मुलांनी प्रत्येक शेकड्याखाली ‘शंभर कशाचे?’ हे लिहिल्याशिवाय पुढे जावयाचे नाही. पाचशेवर वीस टक्के म्हणजे शंभर रुपये, विक्री चारशेला, नफा शून्य. आपल्या घरातील मुले हे गल्ल्यावर बसून आपोआप शिकतात. शेतमजुराच्या मुलाला ते वर्गातच शिकावे लागते.

पाठ शिक्षिकेने घेतला. उरलेले दोघे मागे बसले; त्यांचे लक्ष शिक्षिकेकडे नव्हते, मुलांच्या वह्यांकडे होते. ‘शेकडा ५’ हे उत्तर अपेक्षेप्रमाणे आलेच आणि त्यावर काय करावयाचे हे आधी ठरलेले असल्यामुळे शिक्षिका गोंधळली नाही. एक चूक मात्र तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आलेली नव्हती. काही मुलांनी ‘छापील किंमत’ म्हणजेच ‘खरेदी किंमत’ असे धरले होते. पुढील शनिवारी त्यावर चर्चा झाली. मला लक्षणीय वाटले ते त्या चर्चेतील वाक्यांचे कर्ते. ‘तुम्ही हे विसरलात’ असे कोणी म्हटले नाही. ‘आपण हा शब्द आधी घ्यायला हवा होता’ असे म्हटले गेले. पाठ तिघांचा होता, म्हणून त्यातील उणीव कोणा एकीच्या कर्तृत्वाला चिकटली नाही. आणि जे साधले ते कशामुळे साधले हेही तिघांना सांगता येत होते.

जपानमध्ये ही पद्धत शंभराहून अधिक वर्षे रूढ आहे. तिला ते ‘जुग्यो केनक्यू’ म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. शिक्षकांचा गट एखादाच पाठ निवडतो, त्यावर अनेक बैठका घेतो, मुलांचे संभाव्य प्रतिसाद लिहून काढतो, एक जण शिकवतो, बाकीचे निरीक्षण करतात, मग सुधारलेला पाठ पुन्हा दुसऱ्या वर्गात घेतात. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हिबर्ट या अमेरिकन अभ्यासकांनी १९९९ मध्ये आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केल्यावर जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. एका पाठासाठी एवढा वेळ म्हणजे उधळपट्टी वाटेल. पण गट जे कमावतो ते त्या पाठापुरते राहत नाही. मुलाच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधण्याची सवय लागते आणि ती पुढच्या शेकडो तासांना पुरते. सर्व देशांत सर्व प्रयोगांना सारखेच यश आले असे मात्र नाही. जेथे बैठक वरून लादली गेली तेथे ती आणखी एक रकाना भरण्यापुरती उरली.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शेजारच्या शाळांचा समूह करून त्यांनी एकमेकींना साहाय्य करावे अशी शिफारस केली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. पुढे १९९४ मध्ये राज्य शासनाने समूह शाळांची केंद्रे निर्माण केली. राज्यभर ४,८६० केंद्रे आणि प्रत्येकाला एक केंद्रप्रमुख. केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तेथे आदर्श पाठ व्हावेत, अडचणींवर चर्चा व्हावी, असा हेतू. हेतू निर्मळ आहे. पण परिषदेचा बराचसा वेळ परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते गोळा करण्यात गेला, तर पाठ मागे पडतो, ही शिक्षकांची तक्रार अनेकांनी ऐकली असेल.

या चौकटीत राहूनही काय होऊ शकते हे साताऱ्याजवळच्या कुमठे बीटने दाखवून दिले. प्रतिभा भराडे या तेथील शिक्षण विस्तार अधिकारी. त्यांच्या बीटमधील जिल्हा परिषदेच्या सुमारे चाळीस शाळांतील शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचा एकत्र अभ्यास केला, वर्गात प्रयोग केले, एकमेकांचे वर्ग पाहिले आणि फसलेले पुन्हा करून पाहिले. मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञान घडवते, हे तत्त्व. अधिकारी तपासावयास न येता सोबत बसावयास येतो, हा अनुभव शिक्षकांना नवा होता. बघता बघता राज्यभरातून हजारो शिक्षक कुमठ्याला भेट देऊ लागले. २२ जून २०१५ रोजी शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केला, त्यामागे असे प्रयोग होते.

परंतु त्या भेटींतून बहुतेकांनी घरी काय नेले? छायाचित्रे. कुमठ्याच्या वर्गांतील फरशीवर मुलांना बसून कृती करता याव्यात म्हणून आकृत्या रेखाटलेल्या होत्या. पुढे महाराष्ट्रात गावोगाव फरशा रंगल्या. रंगविलेली फरशी दिसते, तिचे छायाचित्र काढता येते, तिच्यासाठी वर्गणीही मिळते. ती फरशी का रंगवावी यावर शिक्षकांनी घातलेले तास दिसत नाहीत, म्हणून त्यांची नक्कल कोणी केली नाही. मला हा सारा प्रकार दुसऱ्याच्या दुकानाची सजावट पाहून आपल्या दुकानात आरसे लावण्यासारखा वाटतो. त्याची उधारीची शिस्त आणि खरेदीची चिकाटी त्या आरशात दिसत नाही.

आपल्या धुळे जिल्ह्याचेही असेच एक उजळ उदाहरण आहे. न्यूयॉर्कमध्ये वित्तक्षेत्रात काम करणारे मूळ धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी गावोगाव प्रेरणा सभा घेऊन, लोकवर्गणी उभी करून जिल्हा परिषदेच्या सुमारे अकराशे शाळा डिजिटल करण्याच्या कामी मोठा वाटा उचलला. गावाने आपल्या शाळेसाठी पैसा काढावा, ही सवय त्यांनी लावली, हे काम लहान नाही. त्या सवयीला आता पुढचे पाऊल हवे. पडदा आला, पडद्यावर काय, केव्हा आणि कोणत्या मुलासाठी दाखवावयाचे याची आखणी शिक्षकांनी मिळून केली, तर तो पडदा वर्षानुवर्षे उपयोगी पडेल. अन्यथा तो धूळ झटकण्यापुरता उरेल.

शिक्षकाकडे आधी पाहावयाचे, हे आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाने फार पूर्वी ओळखले होते. १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या कार्याचा क्रम मात्र बारकाईने पाहावा. खेडोपाडी व्हॉलंटरी शाळांचे जाळे त्यांनी १९३८ पासून विणले. त्याच्या तीन वर्षे आधी, १९३५ मध्ये, त्यांनी साताऱ्याला शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. आधी शिकविणारा तयार करावयाचा, मग शाळा.

कोणी म्हणेल, शिक्षकांना वेळ कुठे आहे? हिशेब मांडून पाहू. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात इयत्ता सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १,००० अध्यापन तास सांगितले आहेत. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हे सुमारे ३७ आठवडे होतात, म्हणजे आठवड्याला साधारण २७ तास अध्यापन. त्याच परिशिष्टात शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे असे म्हटले आहे आणि त्यात पूर्वतयारीचे तास समाविष्ट आहेत. वजाबाकी केली तर १८ तास उरतात. कायद्याने शिक्षकाची तयारी हे काम मानले आहे, ही गोष्ट पुष्कळ संस्थाचालकांच्या गावीही नसते. प्रत्यक्षात ते १८ तास विविध नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदारयादीची कामे आणि संगणकावर पुनःपुन्हा भरावयाची तीच ती माहिती यांत विरघळून जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. आठवड्याला एक तास एकत्र आखणी केली तरी वर्षाला पस्तीस-छत्तीस तास त्यात जमा धरावयास हरकत नसावी.

काही धोके मात्र आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. गटात एखादा वजनदार ज्येष्ठ असला की बाकीचे माना डोलवतात आणि एकाचीच टाचणवही तिघांच्या नावे होते. मुख्याध्यापक बैठकीत बसून शेरे लिहू लागले की कोणी आपली अडचण उघड करीत नाही. संस्थाचालकांनी तर त्या खोलीकडे फिरकूच नये; दात्याला पाहून शिक्षक अडचणी सांगत नाहीत, आभार मानतात. विषयाला एकच शिक्षक असलेल्या शाळेने शेजारच्या गावातील शाळेशी जोडी करावी. नरडाणा, बेटावद, शिंदखेडा ही गावे एकाच लोहमार्गावर आहेत. महिन्यातून एकदा तीन शाळांचे गणित शिक्षक एकत्र येणे अवघड नाही.

आपल्या धर्मपरंपरेत तर या विचाराला जुना आधार आहे. स्वाध्यायाचे पाच प्रकार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात. वाचना म्हणजे गुरूकडून पाठ घेणे, पृच्छना म्हणजे शंका विचारणे, परिवर्तना म्हणजे उजळणी, अनुप्रेक्षा म्हणजे चिंतन आणि धर्मकथा म्हणजे दुसऱ्यास सांगणे. सांगणे सर्वांत शेवटी आहे आणि त्याआधी शंका विचारण्याची पायरी आहे. पृच्छना एकट्याने होत नाही. तिला दुसरा लागतो. श्वेतांबर परंपरेत पाटलिपुत्र, मथुरा आणि वलभी येथील ज्या वाचना सांगितल्या जातात, त्याही श्रमणसंघाने एकत्र बसून, प्रत्येकाच्या स्मरणात जे होते ते ताडून पाहण्याच्याच सभा होत्या.

मग आपल्या पाठशाळांत काय चालते? गावोगावच्या स्थानकांत आणि उपाश्रयांत मुलांना सामायिक-प्रतिक्रमण शिकविणाऱ्या बहुतेक आपल्या घरातीलच भगिनी असतात. घरकाम आवरून, कोणतेही मानधन न घेता त्या येतात. पाथर्डीच्या श्री तिलोकरत्न परीक्षा बोर्डासारख्या परीक्षांना मुले बसवितात. मुलाने ‘हे असेच का?’ असे विचारले की पुष्कळ जणी मनातून चपापतात, कारण उत्तर ठाऊक असले तरी नऊ वर्षांच्या मुलाला ते कसे सांगावे यावर त्या कधी कोणाशी बोललेल्या नसतात. चातुर्मासात साधू-साध्वीजी गावात असताना मुलांच्या शिबिराचे मंडप, अल्पोपाहार, बक्षिसे यांची चोख व्यवस्था आपण करतो. त्या शिबिराआधी शिकविणाऱ्या चार भगिनींना दोन दुपारी एकत्र बसता यावे, मुलांचे अवघड प्रश्न लिहून काढता यावेत आणि महासतीजींपुढे ते ठेवता यावेत, एवढी सोय केली तर खर्च चहाचा आहे.

शाळांच्या बाबतीतही खर्च फार नाही. तो मोकळा तास काढावयाचा तर त्या वेळी मुलांना कोणी तरी सांभाळावे लागते. येथे आपल्यापैकी निवृत्त मंडळी उपयोगी पडू शकतात. गणिताच्या शिक्षकाच्या जागी गणित शिकवावयास जाऊ नये, तो आपला अधिकार नव्हे. पण पासबुक कसे वाचावे, धनादेश कसा लिहावा, वजनकाट्याची खातरजमा कशी करावी, गाडीभाड्याची पावती कशी समजून घ्यावी, हे तासभर सांगणे आपल्याला जमण्यासारखे आहे. अहिराणी उत्तम बोलणारी एखादी आजी गोष्टी सांगावयास आली तर मुलांना तिचा तास अधिक आवडेल. संस्थेच्या समितीवर असलेल्यांनी जूनमध्ये वेळापत्रक बनते तेव्हाच मुख्याध्यापकांना विनंती करावी. जुलै उजाडला की तक्ता भिंतीवर चिकटतो आणि मग वर्षभर हलत नाही.

वर उल्लेखिलेल्या शाळेत तो शनिवारचा तास दुसऱ्या वर्षीही चालू आहे. यंदा भाषाविषयाच्या शिक्षकांनीही तो मागितला. त्या शिक्षिकेने तिघांची मिळून एक वेगळी टाचणवही केली असून तिच्यात डाव्या पानावर ठरविलेला पाठ आणि उजव्या पानावर मुलांनी प्रत्यक्षात दिलेली उत्तरे लिहिलेली असतात. तिच्यावर कोणाची स्वाक्षरी घेतली जात नाही. दिवाळीपूर्वी शेठजींनी ती चाळावयास मागितली, तेव्हा त्यांच्या हाती उजवीकडची चुकांनी भरलेली पाने आली. ती पाहून त्यांनी विचारले, ‘‘यातली किती पोरं आता बरोबर सांगतात?’’ शिक्षिकेने त्यांना पुढचे पान उलटून दाखवले.